गाडी एक नंबरलाच घ्या

परभणी जंक्शनवर मी तिकीट खिडक्यांची सुपरवायझर होते. दर्ग्याच्या उरसाच्या शेवटच्या दिवशी गंगाखेड-परळीकडं जादा गाडी सोडायचं ठरलं. ऊन उतरेपर्यंत एक नंबर फलाटावर एवढी माणसं जमली, की खालची फरशी दिसेना.

मी स्टेशन मास्तरांच्या खोलीत होते, तेवढ्यात गाड्यांच्या कंट्रोल रूमचा फोन आला. मास्तरांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "जादा गाडी तीन नंबरला घ्या म्हणतायत. एकवर एक्स्प्रेस येणार."

घोषणा करणाऱ्यानं माईक जवळ ओढला. मी त्यावर हात ठेवला.

"साहेब, हे सांगू नका. सगळे एकदम पुलाकडं पळतील. जिना अरुंद, वर म्हातारीकोतारी, लेकरं."

"मॅडम, कंट्रोलचा हुकूम आहे."

"एक्स्प्रेसला माणसं थोडी आहेत. तिला तीनवर न्या."

 मास्तरांनी पुन्हा फोन उचलला. मी बाहेर पळाले. फलाटावर आणखी माणूस मावणार नव्हता. मी खिडक्या बंद करायला लावल्या आणि पोलिसांना सांगून फलाटाचं फाटक ओढून घेतलं. बाहेरची रांग खवळली.

एका म्हाताऱ्या बाईनं फाटकाचे गज धरले. खांद्यावर घोंगडी होती; ती गंगाखेडजवळच्या राणीसावरगावकडची, शेळ्या-मेंढ्या राखणारी वाटत होती.

"बाई, सून आत गेली. तान्हं लेकरू हाय तिच्यापाशी. मला एकलीला सोडा."

"मावशी, आता कुणालाच सोडता येत नाही."

"माझ्यापाशी तिकीट हाय की."

तिकीट खरंच तिच्या मुठीत होतं. तिच्या मागचे सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तिला सोडलं असतं, तर फाटक पुन्हा लागलं नसतं. मी मान हलवली. तिचं नाव विचारून सुनेसाठी घोषणा करायला सांगितली: सासूबाई फाटकाबाहेर सुखरूप आहेत.

घोषणा संपते न संपते तोच मास्तरांचा आवाज आला, "जादा गाडी एक नंबरवरच येत आहे. कुणीही जागा सोडू नये."  मी भिंतीला टेकले.

गाडी अगदी सावकाश आत आली. रेटारेटी झाली, एकीची चप्पल रुळावर पडली, पण कुणी पडलं नाही. गाडी हलल्यावरच मी फाटक उघडलं. म्हातारी धावत आत गेली. रिकाम्या फलाटावर सून लेकराला छातीशी धरून उभी होती. घोषणा ऐकून ती गाडीत चढलीच नव्हती.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. मी पाण्याची बाटली घेऊन गेले.

"तुमच्यामुळं गाडी चुकली," म्हातारी म्हणाली.

"हो मावशी. दुसरी येतेय."

तिनं बाटली घेतली, सुनेला दिली आणि तोंड फिरवलं. बाहेर रांग तशीच होती. मी खिडक्या उघडायला सांगितल्या.