पोती भरून घेतलेली जीप

दोन म्हशी विकून आम्ही जुनी जीप घ्यायला निघालो. ती फसवी निघाली, तर म्हशीही गेल्या आणि गाडीही. मी बैलगाडीत भाताची पोती घेतली. पिरंगुटला दलालाने ताजा रंग दिलेली जीप दाखवली. माझा नवरा लगेच भुलला.

मी दलालाला म्हणाले, “आधी ही पोती भर आन् घाट चढव.”

दलाल हसला. “वहिनी, गाडी हाय ही, बैल न्हाई.”

“बैलबी आमी जुंपूनच घेतो. ही काय पाव्हणी हाय?”

रंगवलेली जीप अर्ध्या घाटात बंद पडली. मग दलालाच्या आवाराच्या कोपऱ्यातली रंग उडालेली जीप पोत्यांसकट वर गेली. तीच घेतली. नंतर आमच्या गावात, रिह्यात, कुणीही गाडी घ्यायला निघाला, की आधी मला बोलवायला यायचा.