मर्यादा यादीला लागते

ही गोष्ट सांगायची मी आठ वर्षं टाळली. ज्यांची ती आहे ते आता हयात नाहीत, म्हणून आज लिहितो आहे. त्यातही भित्रेपणाच आहे, हे आधीच कबूल करतो.

एंटर दाबण्याआधी ते हात कीबोर्डवरून उचलायचे, शर्टाला पुसायचे आणि काळ्या पडद्यावरची ओळ ओठ हलवत पुन्हा वाचायचे. मग म्हणायचे, "आजचं आज, उद्याचं उद्या." तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल बघा. वय पन्नाशीपुढे, नोकरी कायम कंत्राटावर, आणि त्याच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही.

आमचं ऑफिस राजधानीत, कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. निरनिराळ्या वेबसाइटवरून जुने नकाशे उतरवून ठेवणं हे त्यांचं काम. अख्ख्या मजल्याला मिळून महिन्याचा डेटा ठरलेला. संपला की सगळ्यांचंच इंटरनेट बंद. म्हणून ते नकाशांच्या पत्त्यांची यादी करायचे आणि डाउनलोडच्या कमांडमध्ये कोटा लिहायचे, एकूण दोन जीबी. तेवढं ओलांडलं की चालू फाइल पुरी करून डाउनलोड थांबायचं. उरलेली यादी दुसऱ्या दिवशी.

शेजारचे शर्माजी त्यांना चिडवायचे, "क्यों कोटाजी, आज हँसने का कोटा बाकी है?"

"है साहब. पर आप पर खर्च नहीं करूँगा."

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक वाढायला तेच. प्रत्येकी दोन. मी तिसरा मागितला तर म्हणाले, "साहेब, रांगेत लहान मुलं आहेत." आणि पंगत उठल्यावर स्वतःचे दोन्ही रुमालात बांधून घेतले. बायकोसाठी.

बायकोचं डायलिसिस चालू होतं. कंत्राटाबरोबर विम्याचं कार्ड मिळायचं आणि उपचार त्या कार्डावर. "माझा पगार म्हणजे ते कार्ड," असं ते म्हणायचे.

मंगळवारी आणि शुक्रवारी ते दवाखान्यात. काम अडू नये म्हणून त्यांनी मला पासवर्ड दिला होता आणि शेजारी बसवून सगळं शिकवलंही होतं. "साहेब, एक लक्षात ठेवा. मर्यादा यादीला लागते. एकटी फाइल असली तर तिला कोटा-बिटा काही नाही. सुरू झाली की पूर्ण उतरणार."

"बिल्कुल," मी म्हणालो. माझं लक्ष चहाकडे होतं.

एका शुक्रवारी डायरेक्टरसाहेबांना एका जिल्ह्याचा नकाशा तातडीनं हवा होता. मी कोटाजींच्या मशीनवर बसलो. त्यांचीच जुनी ओळ घेतली, यादीच्या जागी एकच पत्ता टाकला. पुढे दोन जीबी लिहिलेलं दिसत होतंच. एंटर दाबलं आणि जेवायला गेलो. उपग्रहावरून घेतलेला नकाशा होता तो, प्रचंड. महिन्याचा उरलेला सगळा डेटा त्यात गेला. तीन वाजता मंत्रालयाशी व्हिडिओ बैठक सुरू होती. डायरेक्टरसाहेब बोलता बोलता पडद्यावरच थिजले.

मशीन कोटाजींची, लॉगिन त्यांचं. "किसने चलाया?" डायरेक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो.

सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले. "साहेब, कमांड एक वाजता सुरू झालीय. तेव्हा मी वॉर्डाबाहेर बसलो होतो."

"हं."

"आणि एकच फाइल. मी असं कधी करत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"बघतो मी."

"बघा. माझं नाही, कार्डाचं बघा."

कुणी चालवली, हे त्यांनी मला विचारलं नाही. पासवर्ड माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

आपण रजेवर होतो, असं त्यांनी लेखी दिलं. वरून प्रश्न आला: मग पासवर्ड कोणाला दिला होता? तो कागद माझ्या हातूनच पुढे गेला. खाली त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं, "आठवत नाही." मी त्यावर सही करून फाइल वर पाठवली. महिनाअखेरीस कंत्राट संपलं, पुन्हा झालं नाही.

नंतर ते भेटले एकदाच, दोन वर्षांनी, द्वारकेच्या मेट्रोत. मला बघून जागेवरून उठले.

"बसा साहेब. गुडघे काय म्हणतात?"

"चाललंय. वहिनी कशा आहेत?"

"गेली. कार्ड बंद झाल्यावर सात महिने काढले तिनं." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

ते दांडीला धरून माझ्यासमोर उभे होते. चार स्टेशनं गेली. मी म्हणालो, "त्या शुक्रवारी..."

ते वाकले. "काय म्हणालात?"

गाडी उत्तम नगरला थांबत होती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, पण कान माझ्याकडेच होता. दार उघडलं तरी ते क्षणभर थांबले. ती कमांड मी चालवली होती, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "काही नाही. तब्येत सांभाळा."