अंजूच्या पेपरात लाल शाई नव्हती

आज आमच्या इंग्रजी शाळेत नववीच्या पालकांना पेपर दाखवायचे होते. मंद्रूपहून अंजूची आई आली. तिला वाचता येत नाही. विज्ञानाचा पेपर मीच आतून उघडून दिला, आतलं पान अन् पान तिनं पाहिलं.

“मॅडम, बाकीच्यांच्यात लई लाल हाय. आमच्या अंजूच्यात लालच न्हाय की! अक्षर बी मोत्यावानी.”

अंजू मान खाली घालून उभी.

तिनं उत्तरांऐवजी प्रश्नच सुंदर अक्षरात उतरवले होते. त्यात मी खोडणार तरी काय?

आईनं पेपर मिटला. “पास हुईल न्हवं?”

पहिल्या पानावरच्या भोपळ्यावर मी पटकन हात ठेवला.

शिक्षकमंडळी, तुम्ही तो हात उचलला असता का? मला नाही जमलं. अंजू मात्र माझ्या हाताकडेच बघत होती.