तीन जुने राउटर आणि लामता

नेटवर्किंगच्या परीक्षेची पुस्तकं माझी दोनदा वाचून झाली होती, पण हाताला सराव नव्हता. नागपूरच्या क्लासमधल्या सरांनी बजावलं होतं की ऑफिसांची जाळी एकमेकांना जोडणारे दोन जुने राउटर घरी मांडा, रोज जोडा, रोज मोडा, नाहीतर परीक्षेत बोटं चालणार नाहीत. मला पुण्याला जायचं होतं. बालाघाटात राहून आयुष्यभर दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे नव्हते. आईला हे माहीत होतं. तरी राउटर बघायला नागपूरला निघाले तेव्हा तिनं सुटी टाकली आणि म्हणाली, मीही येते.

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होती. मी लहान असताना ती कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायची आणि वायरींची टोकं भोकांत खोचून गावं जोडायची. लालबर्रा, किरनापूर, लामता. पुढे आपोआप फोन लागणारं एक्सचेंज आलं, बोर्ड उचलून नेला आणि आईला तक्रारींच्या खिडकीत बसवलं. तिथं लोक तिच्याशी फक्त भांडायला येत.

नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत एक जण ऑफिसांच्या लिलावातला माल विकायचा. राउटर त्यानं विटांसारखे एकावर एक रचले होते. त्याची पारख सोपी होती. लाइट लागली म्हणजे माल चालू. मी माझी यादी काढली. दूरच्या लाइनीसाठी दोन सिरियल पोर्ट हवेत, ऑफिसच्या जाळ्यासाठी एक पोर्ट हवा, आणि नवं सॉफ्टवेअर मावेल इतकी मेमरी. सगळ्यात चकचकीत राउटर मी आधी उचलला आणि आधी खाली ठेवला, कारण त्याला सिरियल पोर्ट एकही नव्हता. दुकानदारानं दुसरा चालू केला, त्याला आईनं कान लावला.

"याचा पंखा घासून राह्यला," ती म्हणाली.

मग मी सोबत नेलेली केबल दुकानदाराच्या कॉम्प्युटरला लावली आणि एकेक राउटर चालू करून बघितला. एकाच्या पडद्यावर अक्षरं सरकत आली, मेमरी पुरेशी निघाली आणि शेवटी इंग्रजीत नाव उमटलं, वरोरा. कुठल्या तरी ऑफिसच्या वरोरा शाखेत तो असणार. पुढे जायला पासवर्ड मागत होता. त्याची युक्ती मी वाचली होती. बंद करून चालू करायचा, सुरुवातीलाच अडवायचा आणि जुनी मांडणी न वाचताच उठवायचा. तीन प्रयत्नांनी ते जमलं. तू काय केलंस, असं आईनं विचारलं. मी म्हटलं, त्याला जुनं विसरायला लावलं.

"सारंच? वरोरापण?"

"हौ."

ती पडद्याकडे बघत राहिली.

दोन राउटर मी बाजूला काढले, तेव्हा आई मध्ये पडली.

"दोनच घेऊन राह्यली? मधली लाइन तुटली तं कसे बोलतीन ते? लामत्याची लाइन रोजच जाय. आम्ही नैनपूरकडून फिरवून नेत होतो. तिसरा घे."

तिचं बरोबर होतं. दोघांत एकच वाट असते, वळसा शिकायला तिसरा लागतो. दोन सिरियल पोर्टांचा तिसरा म्हणजे पंखा घासणाराच उरला होता. आईनं तो स्वतःच्या पिशवीत घातला आणि गोंदियावरून जाणाऱ्या परतीच्या बसमध्ये मांडीवर धरून बसली.

घरी तिनं शिलाई मशीन हलवून जागा करून दिली. दिवसातून दोनदा वीज कटौती व्हायची आणि मी सेव्ह केलं नसेल ते सगळं पुसून जायचं. पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागायचं, आणि त्यानं मला जे शिकवलं ते सरांनाही शिकवता आलं नव्हतं. रविवारी दुपारी आई शेजारी स्टूल घेऊन बसायची. मी एका राउटरवरून दुसऱ्याला हाक पाठवायची आणि ती विचारायची, काढू काय? मी हो म्हटलं की मधली केबल उपटायची. पडद्यावर ठिपके उमटायचे, म्हणजे उत्तर नाही. थोड्या वेळानं तिसऱ्याकडून वळसा घालून उत्तरं पुन्हा सुरू व्हायची.

अशाच एका रविवारी ठिपके बघता बघता तिनं लामत्याच्या ऑपरेटरबद्दल सांगितलं. लामत्याच्या बोर्डावर एक बाई होत्या. अकरा वर्षं दोघी रोज बोलल्या. नावानं कधी नाही. ही तिला लामता म्हणायची, ती हिला बालाघाट. लाइन रिकामी असली की मुलांचे ताप, भाजीत काय केलं, सगळं व्हायचं. बोर्ड गेला त्या दिवशी आईची सुटी होती. निरोप घ्यायचा राहून गेला.

"मग तू गेली काहून नाही? लामता काय दूर आहे?"

"काय म्हणून जाऊ? कामाचं बोलणं होतं ते."

मी पास झाले. पुण्याची नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या आठवड्यात मीच हट्ट धरला आणि आम्ही छोट्या लाइनीच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं लामत्याला गेलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. टेलिफोनवाल्या बाईंचं घर विचारत विचारत सापडलं, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली की त्या कधीच्याच मुलाकडे जबलपूरला गेल्या. मग आईकडे बघून तिनं विचारलं, "आप बालाघाट तो नहीं?"

आईनं हो म्हणून मान हलवली. ओट्यावर बसून पाणी प्यायली, एका कागदावर आमचा फोन नंबर लिहून दिला. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे. चार दिवसांनी मी जाणार होते, हा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

पुण्यात मला एकटीला फार जड गेलं. ऑफिसात राउटरांची कपाटंच्या कपाटं होती, पण केबल काढू काय म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. रविवारी दुपार झाली की मी घरी फोन लावायची, आणि आई पहिल्या घंटीला उचलायची.

दुसऱ्या वर्षी जबलपूरहून फोन आला. आईनं मला नंतर सांगितलं की सुरुवातीला दोघींना बोलायला काही सुचेना, म्हणून त्यांनी एकमेकींना आवाज साफ येतो का, तेच तीनदा विचारलं. पुढे मात्र सुचलं असावं. कारण त्यानंतर रविवारी दुपारी मी बालाघाटचा नंबर लावला की तो व्यस्त असायचा. मी पाच मिनिटं थांबायची, पुन्हा लावायची. पुन्हा व्यस्त. मला बरं वाटायचं, आणि रडूही यायचं.