शेवटच्या पंगतीचा साहेब

कुठल्याही कार्यक्रमात साहेबांना शोधायचं असेल तर सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जावं. बाकीचे पाहुणे हॉलमध्ये खुर्च्या धरून शिस्तीत बसलेले असायचे आणि हा उंच, लालबुंद, मोडक्या नाकाचा इंग्रज दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा असायचा. आतून बटाटेवड्यांचा ट्रे बाहेर आला रे आला, की पहिला वडा साहेबांच्या हातात! एकदा मी विचारलं, "तुम्हाला कसं हो बरोबर कळतं?" तर म्हणाले, "बॉल कुठे पडणार हे ओळखणं, एवढंच तर मी आयुष्यभर केलं. वडा म्हणजे काय, जरा गरम बॉल."

त्यांचं नाव टेरी. 'साहेब' हे आम्ही बायकांनी ठेवलेलं, इंग्रज म्हणून. बाकी साहेबी थाट औषधालाही नव्हता. वडील बस चालवायचे, आणि यांनी मिसरूड फुटायच्या आत शाळेला रामराम ठोकलेला. बोलायचे इंग्रजीच, पण असं काही चावून, की अमेरिकेत बेलव्ह्यूच्या ऑफिसांत वर्षानुवर्षं मीटिंगा गाजवणाऱ्या आम्हाला पहिले दोन महिने त्यातलं फक्त 'लव्ह' कळायचं, आपल्या 'बाळा'सारखं, आणि तेही ते पोस्टमनलासुद्धा म्हणायचे. म्हणून इथे त्यांचं बोलणं मी सरळ मराठीतच सांगते.

साहेब स्ट्रायकर होते. म्हणजे गोल मारणं हे त्यांचं काम. पण टीव्हीवर दिसतात त्या बड्या क्लबांत नव्हे. तिसऱ्या, चौथ्या आणि त्याच्याही खालच्या लीगमध्ये, बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावांत, समुद्राकाठच्या ओल्या मैदानांवर त्यांनी उभी हयात घालवली. डझनभर तरी क्लब झाले असतील. एका क्लबचा खेळाडू जखमी झाला की दुसरा क्लब यांना उसनं द्यायचा. "तुमच्यात शेजारीण वाटीभर साखर नेते ना, तशी माझी वाटी इकडून तिकडे," असं ते हसत सांगायचे. त्यांच्या बायकोनं म्हणे लग्नानंतर कधी पडदेच शिवले नाहीत. खिडकीचं माप घ्यावं तोवर गाव बदललेलं असायचं! मग काय, जुनी चादर खिळ्याला अडकवायची आणि झोपायचं.

आमची गाठ पडली ती मुलांमुळे. ते आमच्या मुलांचे कोच, आणि आम्ही मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्च्या मांडून, थर्मासमधला चहा पीत बसणाऱ्या आया. एका शनिवारी ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खुर्च्या उबवून पिल्लं निघणार आहेत का? बूट घाला." मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवरून घरं फुटतात, पण मुलींनी काय करायचं, तर गच्चीतून ओरडायचं. आता चाळिशी उलटल्यावर कुणी बूट घाला म्हणतंय म्हटल्यावर मी कशाला थांबते! रविवारच्या बायकांच्या लीगमध्ये नाव घातलं. टीमचं नाव मी ठेवलं, 'तांबडा-पांढरा'. पुण्याच्या दोघींनी नाकं मुरडली, त्यांना म्हटलं, तुम्ही मस्तानी नावाची टीम काढा.

आमच्यात सगळ्यांत चपळ होत्या सुनंदाताई. पन्नाशी ओलांडलेल्या, सांगलीच्या, शाळेत खो-खोत नाव काढलेल्या. बसल्या जागेवरून अशा उसळायच्या, की समोरची पोरगी बघतच राहायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना नऊ नंबरचा शर्ट दिला. स्वतःचा नंबर! सगळं जमून आलं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. आम्ही गोलच मारायचो नाही.

पहिल्या मॅचची ती फजिती अजून आठवते. समोरची गोलकीपर पडलेली, गोल सताड उघडा. बॉल माझ्याकडे. मी ओरडले, "ताई, घ्या!" आणि त्यांच्याकडे ढकलला. ताई म्हणाल्या, "अगं तू घे ना, तू केव्हाची पळतेयस," आणि परत माझ्याकडे. मी पलीकडून धावणाऱ्या विद्याकडे. विद्या म्हणाली, "नको, ताईच घेऊ देत." तोवर ती गोलकीपर उठली, गुडघे झटकले, चालत आली आणि बॉल उचलून घेऊन गेली. साहेब कडेला गवतावर आडवे झाले होते. मला वाटलं चक्कर आली. माझा नवरा म्हणाला, "यार, हा गोल होता की हळदीकुंकू?"

साहेबांनी परोपरीनं सांगितलं. गोलसमोर आलात की हावरट व्हा. स्ट्रायकरला मॅनर्स नसतात. गोल सुंदर होता की गुडघ्याला लागून गेला, हे बोर्डावर लिहीत नाहीत. आम्ही माना डोलवायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा एकमेकींना आग्रह करून हरायचो.

उत्तर त्यांना सापडलं आमच्या मंडळाच्या गणपतीत. नेहमीप्रमाणे ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, दुसरी पाहुण्यांची, आणि सुनंदाताई पदर खोचून, हातात वरणाचं पातेलं घेऊन फेऱ्या मारतायत. शेवटी सगळं उरकल्यावर ओट्याशी उभ्या राहून त्यांनी तुटकी पुरणपोळी आणि पातेल्याच्या तळाची कटाची आमटी खाल्ली. साहेब तास-दोन तास हे बघत होते. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आत्ता कळलं. जी बाई जन्मभर शेवटी जेवते, ती पहिला गोल कसा मारणार?"

ते खरं होतं हो, आणि फक्त ताईंचं नव्हे, आम्हा सगळ्यांचंच होतं.

तो माणूस तेवढ्यावर थांबला नाही. त्यांनी ताईंना हाताला धरून टेबलाशी बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. तूप निम्मं टेबलावर, कोशिंबीर ताईंच्या मांडीवर. "आयुष्यात पहिल्यांदा पास देतोय, सांभाळून घे," असं म्हणत होते. ताई लाजेनं लाल झालेल्या, घास काही उतरेना. "काय मेलं हे, लोक काय म्हणतील," असं पुटपुटत होत्या. पण जेवल्या. गरम पोळी जेवल्या.

पुढच्या प्रॅक्टिसला साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही सारखं 'घे, घे' ओरडता, त्याचा अर्थ काय?" मी सांगितला. "आणि 'हा माझा आहे' याला काय म्हणतात?" म्हटलं, "माझा." झालं! त्या दिवसापासून गोलसमोरच्या चौकोनात 'घे' शब्दाला बंदी. जिला बॉल हवा तिनं 'माझा' म्हणून ओरडायचं. हळूहळू आम्ही शिकलो, आधी हसत, मग चढाओढीनं. विद्या तर असं ओरडायची की शेजारच्या टेनिस कोर्टावरचे लोक थांबायचे. आम्ही जिंकायला लागलो, चक्क लागोपाठ जिंकायला लागलो. फक्त सुनंदाताईंच्या तोंडून तो शब्द काही निघेना. "शोभतं का गं हे या वयात?" असं म्हणायच्या.

उन्हाळ्यात आम्ही लीगच्या कपच्या फायनलला पोचलो आणि त्याच आठवड्यात कळलं की साहेबांना विमानानं चार तासांवरच्या ॲन आर्बरला नवी नोकरी मिळालीय, ते निघालेत. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीही अशीच, जाता जाता. एका वर्षी त्यांच्या क्लबनं कप जिंकला होता. अर्ध्या हंगामापर्यंत सगळ्यांत जास्त गोल यांचे. मग नवा मॅनेजर आला आणि त्यानं यांना दुसऱ्या गावी उसनं धाडलं. फायनल त्यांनी परक्या क्लबच्या बाकावर बसून रेडिओवर ऐकली. मेडल्स वाटली तेव्हा यांच्या नावाचं नव्हतं. पुढे एवढे क्लब झाले, पण मेडल म्हणून कधी मिळालं नाही. "असतं एकेकाचं," म्हणाले आणि चकलीचा डबा पुढे ओढला.

गाडीत बसल्यावर सुनंदाताई एकदम म्हणाल्या, "ज्यानं रांधलं त्यालाच पान नाही, ही कुठली रीत? ते काही नाही. रविवारी जिंकायचं."

फायनलला समोर तीच टीम, जिनं आधीच्या वर्षी आम्हाला धू धू धुतलं होतं. उन्हात लांबवर रेनियर पर्वत लख्ख दिसत होता आणि कडेला आमची अख्खी मंडळी. त्यांनी एक गोल केला, विद्यानं तो फेडला. मग बराच वेळ नुसती ओढाताण. माझे पाय भरून आलेले, रेफरी घड्याळाकडे बघायला लागलेली. तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल हवेतून आला, खांबाला आपटला आणि बरोबर माझ्यासमोर येऊन पडला. आणि काय सांगू, इतकं शिकूनसुद्धा माझं तोंड उघडलं ते 'घे' म्हणायलाच!

तो शब्द बाहेर पडायच्या आत मागून आवाज आला, "माझा! सरक बाजूला!"

सुनंदाताईंनी मला, आपल्याच टीमच्या कॅप्टनला, असं कोपरानं ढकललं की मी कोलमडले. मी पडता पडता पाहिलं, बॉल त्यांच्या गुडघ्याला लागला, मग मांडीला, मग गोलकीपरच्या हाताखालून घरंगळत आत गेला. इतका कुरूप गोल मी कोल्हापुरातही पाहिला नव्हता. अगदी साहेबांचा गोल!

शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो हो, जिंकलो! मंडळाचे ढोल बाहेर निघाले. ताईंचे यजमान, जे आजवर कधी मोठ्यानं बोलले नाहीत, ते कुणालाही धरून सांगत होते, "माझी बायको आहे ती, नऊ नंबर."

लीगच्या बाईंनी मेडल्सचा खोका आणला. ताई पुढे झाल्या. आधी एक मेडल त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातलं. होय, आधी स्वतःच्या! मग दुसरं उचललं. आमच्या दोघीजणी सुट्टीला भारतात गेल्या होत्या, त्यांतल्या एकीचं. ते घेऊन त्या साहेबांकडे निघाल्या.

साहेब चार पावलं मागे सरले. हात हलवत म्हणाले, "नाही नाही, हे खेळाडूंचं. तुम्ही घ्या. खरंच, तुम्ही घ्या." वड्यावर झडप घालणारा माणूस, पण आयुष्यात पहिल्यांदा मेडल समोर आलं आणि त्याला हात पुढे करवेना.

ताईंनी कमरेवर हात ठेवले. एरवी इंग्रजी बोलायला बिचकणारी ही बाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलली, "साहेब, इथे 'घे' म्हणायला बंदी आहे. नियम तुमचाच. काय म्हणायचं असतं?"

साहेबांनी मान खाली घातली, पुन्हा वर केली. आणि मग त्यांच्या त्या चावलेल्या उच्चारात, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असे ते गरजले, "माझा!" त्यांनी मान वाकवली, ताईंनी मेडल घातलं. मी रडले. सगळ्याच रडलो, त्यात लाज कसली?

ऑगस्टमध्ये ते ॲन आर्बरला गेले. महिन्याभरानं एक फोटो आला. नव्या घराची खिडकी, दांडीला अडकवलेलं मेडल, आणि त्याच्यामागे निळ्या फुलांचे, मापानं शिवलेले पडदे.

यंदाच्या गणपतीत जेवणाच्या वेळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून त्यांना सगळा हॉल दाखवला, मोकळं स्वयंपाकघराचं दारही दाखवलं. मग ताईंसमोर धरला. साहेबांनी लगेच विचारलं, "जेवलीस का? कितव्या पंगतीत?"

"पहिल्या," ताई म्हणाल्या. "आता ठेवा फोन, मोदक गार होतोय."