मास्तरांचं स्ट्रासबुर्ग

स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलसमोर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस मान वर करतो आणि तांबड्या दगडाचा तो मनोरा बघत राहतो. आम्हीही तेच केलं. मास्तर मात्र खाली बघत होते. चौकाच्या कडेला त्यांना एक दगडी पायरी सापडली. तिच्यावर स्वतः बसून पाहिलं, दगड फार गार तर नाही ना म्हणून हात फिरवला, आणि खिशातल्या घडी केलेल्या कागदावर पेन्सिलीने एक टिंब काढलं. "चालेल," म्हणाले, "इथे बसता येते."

मास्तर म्हणजे खरोखरचे मास्तर. अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी वीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलं होतं. पन्नाशी जवळ आल्यावर, कुणाला पटणार नाही अशा वयात, ते स्टुटगार्टजवळ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर आले. दोन हजार पाच साली मी चिंचवडहून त्याच ऑफिसात आलो, सव्वीस वर्षांचा. नवा मराठी माणूस आला की मास्तर पहिल्याच शनिवारी त्याला स्ट्रासबुर्गला नेत. पाचजणांचं एक तिकीट सीमेवरच्या केल गावापर्यंत चालायचं, म्हणून ते पाच डोकी जमवायचे. पुढे ऱ्हाईन नदी ओलांडायला बस. हवा चांगली असली तर पायी पुलावरून, अर्धा पूल जर्मनीत आणि अर्धा फ्रान्समध्ये.

त्यांच्याबरोबर फिरणं म्हणजे सारखं बसणं. शंभर पावलं झाली की थांबा. आम्ही तरुण पोरं वैतागायचो. "काहून घाई करता बाप्पा?" ते म्हणायचे. "दमल्यावर बसणं म्हणजे उशीर झाला. दमायच्या आधी बसावं." आणि वर त्यांच्या वऱ्हाडी सुरात एक जर्मन शब्द, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. स्वतःच्याच वाक्याला स्वतःच दुजोरा देऊन ते निवांत बसायचे, आणि समोरच्या लाकडी पट्ट्यांच्या जुन्या घरांचे उतार पेन्सिलीने अचूक कागदावर उतरवायचे.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळली नव्हती. शहराला वेढा घालून जाणाऱ्या इल नदीत नावेची सैर असते. मास्तर आम्हाला नावेत बसवून द्यायचे आणि स्वतः काठाने चालू लागायचे. नाव पुलाखाली आली की वर मास्तर उभे, हात हलवत. पुढच्या पुलावरही आमच्या आधी तेच हजर. एवढ्या वेळा स्ट्रासबुर्गला जाऊन हा माणूस एकदाही नावेत बसला नव्हता. तिसऱ्या खेपेला मी विचारलं. तेव्हा त्यांनी तो कागद उलगडून दाखवला. अख्ख्या शहराचा हाताने काढलेला नकाशा, आणि त्यावर टिंबंच टिंबं. कुठे बाक आहे, कुठे चढ नाही, कुठे स्वच्छतागृह जवळ आहे.

"आमच्या वत्सलाच्या हृदयाची झडप खराब आहे," ते म्हणाले. "तिला चालवत नाही जास्त. लग्न झालं तेव्हा म्हणाली होती, मला एकदा नावेत बसवा. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीला पाणी कुठं असते? नावेत मी तिच्याबरोबरच बसीन."

दरवर्षी वत्सलाकाकू मे महिन्यात येणार असायच्या. एका वर्षी मुलीची, मंजूची, बारावी होती. एका वर्षी काकूंचं ऑपरेशन झालं. एका वर्षी व्हिसाचे कागद परत आले. मास्तर तक्रार करत नसत. पुन्हा स्ट्रासबुर्गला जाऊन यायचे आणि सांगायचे, बागेत करकोच्यांच्या घरट्यांखाली नवीन बाक टाकलंय.

मग मंदी आली. दोन हजार नऊच्या जानेवारीत मास्तरांना सांगण्यात आलं की त्यांचा फेरट्राग, म्हणजे करार, मार्चअखेर संपेल, वाढणार नाही. नेमका त्याच आठवड्यात काकूंचा व्हिसा आला. मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी सल्ला विचारला नव्हता.

"थंडी आहे. तिला सोसंल का? डॉक्टर म्हणतात, तुम्ही ठरवा. आता तुम्हीच सांगा, बोलवू का नको?"

मी स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणालो, "बोलवा मास्तर. आता नाही तर कधी?"

काकू मार्चच्या पहिल्या आठवड्यात आल्या. बारीक, हसऱ्या, दोन स्वेटरवर मास्तरांचा कोट. मी आणि माझी बायको बरोबर गेलो. पाऊस पडत होता आणि नकाशातलं प्रत्येक बाक ओलं होतं. मास्तर पुढे पळत जाऊन मफलरने फळी पुसायचे. कॅथीड्रलच्या आत त्यांनी काकूंना जुनं घड्याळ दाखवलं. साडेबाराला त्यातला कोंबडा आरवला तेव्हा काकू लहान मुलीसारख्या हसल्या. मग अगदी हळूहळू आम्ही नावांच्या धक्क्यावर गेलो.

धक्क्याला साखळी लावलेली होती. नदीला पूर होता. पाणी पुलाच्या कमानींपर्यंत चढलं होतं, गढूळ, जोरात वाहणारं. नावा बंद होत्या.

मास्तर खिडकीतल्या बाईशी जर्मनमध्ये बोलले, मग मोडक्या इंग्रजीत, मग मराठीतच बोलायला लागले. ती बाई नुसती मान हलवत होती. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"अहो, राहू द्या," काकू मागून म्हणाल्या. "पाण्याजवळ आले ना मी. किती पाणी आहे हे!"

परतीच्या गाडीत त्यांच्या ओठांचा रंग बदललेला माझ्या बायकोला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली. अतिदक्षता विभागात परिचारिका विचारत होती, एक ते दहामध्ये किती दुखतंय? मास्तरांनी मराठीत विचारलं. काकू म्हणाल्या, "काही दुखत नाही म्हणून सांगा त्यांना." मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये सांगितलं, "आठ."

आठव्या दिवशी काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, हे कुठेही झालं असतं. मी ते वाक्य तेव्हापासून कितीदा स्वतःला ऐकवलं आहे. त्याने काहीही होत नाही.

मास्तरांना विमानतळावर सोडायला मी गेलो. काकूंची शवपेटी त्याच विमानात होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट जा. रस्त्यावर बर्फ आहे." त्यांनी मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती. मी अजूनही त्या शिवीची वाट बघतोय असं मला वाटतं.

नंतर फोन केला की मंजू उचलायची. "बाबा बाहेर गेलेत, काका." डिसेंबरात सुट्टीवर आलो तेव्हा न कळवताच अमरावतीला गेलो. दार मंजूने उघडलं. "खोटं सांगत होते मी," ती हळूच म्हणाली. "बाबा मार्चपासून फाटकाबाहेर गेले नाहीत."

मास्तर आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, खिडकी बंद. माझ्या बायकोची चौकशी केली, स्टुटगार्टमध्ये बर्फ पडला का विचारलं. चहा आला. मी कपाला हात लावू शकलो नाही. शेवटी म्हणालो, "मास्तर, मी त्या दिवशी नीट विचार न करता..."

"नाही नाही," ते लगेच म्हणाले. "तुमचं काही नाही त्यात. तुम्हाला विचारायच्या आधीच मी तिचं तिकीट काढून टाकलं होतं. उगाच विचारलं तुम्हाला. मनात काही ठेवू नका."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी मान हलवली. बरं म्हणालो.

काकूंचं तिकीट मीच काढून दिलं होतं. आमचं बोलणं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्याच कम्प्युटरवर, आणि मास्तर शेजारी उभं राहून काकूंच्या नावाचं स्पेलिंग मला सांगत होते.