दादांची बचावफळी

दादा फुटबॉल बघताना चेंडूकडे बघत नसत. चेंडू डावीकडे गेला की मैदानाभोवतीच्या सगळ्या माना डावीकडे वळायच्या आणि दादांची एकट्याची मान उजवीकडे राहायची. जिथे काहीच चाललेलं नाही अशा कोपऱ्यात, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एखाद्या खेळाडूकडे ते टक लावून बघत असायचे. एकदा कॅन्टीनमधल्या मोठ्या पडद्यावर सामना लागला होता, तो त्यांनी अर्ध्यातच सोडला. "कॅमेरावाला सारखा चेंडूच दाखवतोय," जॅकेट चढवत ते म्हणाले. "मागं कोण कुठं उभा हाय ते कळंना झालंय. काय बघायचं ह्यात?"

दादा कोल्हापूरचे. तिथल्या एका पेठेच्या संघाकडून ते आठ वर्षं स्टॉपर म्हणून खेळले होते. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. डाव्या गुडघ्यावर दोन ऑपरेशनं झाल्यावर खेळ सुटला. मग काही वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं आणि तिशी उलटल्यावर पीएचडीसाठी जर्मनीत, गार्चिंगला आले. बायको तिकडे शाळेत कायम नोकरीवर, तेव्हा लेक अडीच वर्षांची. दोन वर्षांत त्यांना इकडे आणायचं ठरलं होतं. मी दादांना भेटलो तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं आणि त्या विषयावर ते बोलत नसत.

आमची ओळख मार्चमध्ये झाली. सेमिस्टरची सुट्टी होती, वोनहाइम, म्हणजे आमचं वसतिगृह, निम्मं रिकामं. माझ्या मजल्यावरचे सगळे जर्मन आपापल्या घरी गेलेले. स्वयंपाकघरात माझं एकट्याचं पातेलं वाळत असायचं. चिंचवडला घरात सात माणसं, त्यामुळे शांतता कशी असते हे मला माहीतच नव्हतं. एका संध्याकाळी हिशेब केला तर गेल्या अकरा दिवसांत मी समोरच्या माणसाशी बोललेलं एकमेव वाक्य निघालं, सुपरमार्केटच्या काउंटरवरचं 'मिट कार्टे, बिट्टे', म्हणजे पैसे कार्डाने देतो. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर चिठ्ठी दिसली. मशीनबाउच्या, म्हणजे आमच्या मेकॅनिकल विभागाच्या, फुटबॉल संघाचा वसंतातला सराव सुरू होणार होता आणि बचावासाठी माणसं हवी होती. मी शाळेत थोडंफार खेळलो होतो. तेवढ्या भांडवलावर गेलो.

माणसं हवी होती कारण आदल्या वर्षीचे दोन्ही चांगले डिफेंडर शिक्षण संपवून गेले होते. कॅप्टन लुकासने मला उजव्या बाजूला उभं केलं आणि सरावाच्या पहिल्याच सामन्यात माझ्या बाजूने तीन गोल झाले. तिसऱ्या गोलाच्या वेळी मी वैतागून "आईशप्पथ!" म्हणालो. त्यानंतर पाच मिनिटांनी तारेच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "अरं मागं बघ की! मागं!"

मी जागच्या जागी थांबलो. भर मैदानात, चेंडू सोडून. कितीतरी दिवसांनी समोरासमोर मराठी कानावर पडत होती आणि तीही अशी कडकडीत. चौथा गोल झाला. लुकास दोन्ही हात पसरून माझ्याकडे बघत राहिला. कुंपणापलीकडे निळी कानटोपी घातलेला, एका पायावर भार टाकून उभा असलेला एक माणूस म्हणाला, "असूदे. आता उभा ऱ्हा नीट."

पुढचे चार दिवस दादा कुंपणाबाहेरूनच सूचना देत होते. पाचव्या दिवशी लुकासने त्यांना आत बोलावलं. मी 'दादा' म्हणायचो म्हणून जर्मन पोरांना ते त्यांचं नावच वाटलं, आणि सरावाच्या यादीत 'ट्रेनर, बचाव: डाडा' असं लागलं. दादांचं जर्मन मैदानापुरतं होतं. डावीकडे लिंक्स, उजवीकडे रेख्ट्स, बाहेर निघा म्हणायला राउस, आणि कोणी चांगलं केलं की 'गेनाऊ!' एवढ्या चार शब्दांवर त्यांनी बचावफळी बांधायला घेतली. कमी पडलं तिथे कोल्हापुरी घातली. आठवड्याभरात आमचे जर्मन "धर!" आणि "सोड!" म्हणायला लागले. प्रतिस्पर्ध्यांना काही कळत नसे, हा वरचा फायदा.

त्यांचा पहिला नियम होता की मागच्याने सतत बोलत राहायचं. "पुढच्याला पाठीमागचं दिसत न्हाई, भावा. तुला दिसतंय. मग सांगायचं कुणी?" सराव चालू असताना ते स्वतः दोन तास अखंड बोलायचे. एप्रिलमध्ये गारा पडल्या, तेव्हाही कानटोपीवर हात धरून बोलतच होते. खेळ संपला की मात्र एकदम गप्प व्हायचे. आम्ही बूट काढत टिंगलटवाळी करायचो, तेव्हा दादा शंकूसारखे ते नारिंगी मार्कर एकात एक घालून गोळा करायचे आणि सगळ्यात शेवटी, एकटे, इन्स्टिट्यूटकडे चालत जायचे. प्रयोगशाळेत त्यांचं एक यंत्र होतं. धातूची एक पट्टी ते लाखो वेळा वाकवायचं आणि सरळ करायचं, तडा जाईपर्यंत. तडा कधी जाईल ते कुणाला सांगता यायचं नाही. दादा त्याची वाट बघत बसायचे.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे कुकर मागायला गेलो. दार उघडंच होतं. दादा टेबलाशी बसले होते आणि लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल चालू होता. पडद्यावर कोल्हापूरचं स्वयंपाकघर दिसत होतं. गॅसची शेगडी, भिंतीवरचं कॅलेंडर, स्टीलच्या डब्यांची रांग. माणूस कोणीच नव्हतं. मी दबक्या आवाजात विचारलं, "वहिनी आहेत का? मी नंतर येतो."

"नाही नाही, बस. ती कामात असती. फोन तिथं ठेवती आणि कामं करती. मीच म्हणतो चालू राहूदे."

मी बसलो. वहिनी आल्या, पातेल्यावर झाकण ठेवलं, गेल्या. मग एक सहा-सात वर्षांची मुलगी आली, डब्यातून काहीतरी काढलं आणि फोनकडे न बघता निघून गेली. दादा जरा पुढे झुकले होते, ते पुन्हा मागे टेकले. दहा-पंधरा मिनिटांत त्यांनी एकही शब्द काढला नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी कुकर दिला आणि म्हणाले, "शिट्टी जरा सैल हाय. बघून लाव."

एप्रिलच्या शेवटी सराव संपला. त्या दिवशी मैदानाशेजारी ग्रिल लावलं होतं. लुकासने हातातला चिमटा दादांच्या दिशेने रोखून सगळ्यांसमोर विचारलं, "आल्झो, डाडा. बचाव कसा होणार यंदा? खरं सांग."

दादा खरंच सांगायला लागले, इंग्रजीत, सावकाश. गोलकीपर चांगला, पण उंच चेंडूला बाहेर पडायला घाबरतो. डावी बाजू पळते छान, परत यायला विसरते. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा हळू आहे, पण सांगितलेलं ऐकतो. हळू माणूस वेळेआधी निघाला तर पोचतो. सगळे हसले. मग ते फ्लोरियानकडे वळले. फ्लोरियान आमचा नवा स्टॉपर, सव्वासहा फुटी, अबोल मुलगा. "हा सगळ्यांत चांगला," दादा म्हणाले. "पण दोघं अंगावर आले तरी मदत मागत नाही. एकटाच दोघांना धरायला जातो. त्यामुळे भोक पडतं ते याच्याच मागं पडतं." फ्लोरियान लाल झाला आणि खाली बघून म्हणाला, "या, श्टिम्ट." म्हणजे, हो, खरं आहे.

"पण मिळून?" लुकासने विचारलं.

"मिळून धरतील," दादा म्हणाले. "मे महिन्यात कळेल."

विभागांच्या स्पर्धेतला आमचा मेमधला पहिला सामना गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी, भौतिकशास्त्रवाल्यांशी होता. दादा आले नाहीत. सुरुवातीला आम्हाला वाटलं येतील उशिरा. पहिली वीस मिनिटं बचावातले आम्ही चौघंही आळीपाळीने कुंपणाकडे बघत होतो. मग बघायला फुरसत मिळेना. भौतिकशास्त्रवाल्यांनी बाजूंनी येऊन पाहिलं, मधून येऊन पाहिलं, लांबून मारून पाहिलं. उत्तरार्धात एकदा फ्लोरियानच्या अंगावर दोघं धावून आले आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा ओरडावं तसं "निखिल! हिअर!" म्हणून मला हाक मारली. मी आधीच निघालो होतो. सामना शून्य-शून्य संपला. गोल आम्हालाही करता आला नव्हता, पण आम्ही उड्या मारल्या त्या जिंकल्यासारख्या.

बूट हातात घेऊनच मी दादांच्या खोलीवर गेलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसले होते. जमिनीवर उघडी बॅग. मी सामन्याबद्दल सांगितलं तर त्यांनी बारीकसारीक सगळं विचारलं. मी कुठे उभा होतो, डावीकडचा परत आला का, गोलकीपर बाहेर पडला का. फ्लोरियानने हाक मारली हे ऐकून मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, "मला यायचं होतं रे. आउसलेंडरबेहोर्डेत, त्या व्हिसाच्या ऑफिसात, टेर्मिन होता आज. हीच वेळ दिली त्यांनी."

"व्हिसाचं काय म्हणाले?"

"संपला. सोमवारी निघतोय."

तेव्हा हळूहळू कळलं. त्यांचे प्रोफेसर गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. नव्यांनी फेब्रुवारीत सांगून टाकलं होतं की करार वाढणार नाही. प्रबंध अर्धा राहिला होता. आम्ही ज्या मार्चमध्ये भेटलो, त्या मार्चमध्ये दादांना हे सगळं माहीत होतं. कुंपणाबाहेर उभे होते ते दिवसा, लोकांसमोर, प्रयोगशाळेत जाववत नव्हतं म्हणून.

"पण तुम्ही कुणालाच कसं सांगितलं नाही?" माझा आवाज चढला होता.

"कुणाला सांगायचं? सगळ्यांच्या परीक्षा. आणि तुमचा बचाव बसायचा होता अजून."

त्या संध्याकाळी मी लुकासला सांगितलं. तो म्हणाला, "विद्यार्थी प्रतिनिधींच्या ऑफिसात करार संपलेल्या लोकांना अर्ज लिहून देतात. मुदतवाढ मिळते बऱ्याचदा, सहा महिन्यांची तरी. दर मंगळवारी तिथे मीच बसतो." त्याने दोन-तीनदा विचारलं, आता काही करता येईल का. येत नव्हतं. करार संपला होता आणि दादांनी तिकीट काढलं होतं. नंतर मला वाटलं, दादांनी त्या दिवशी ग्रिलजवळ फ्लोरियानची नस बरोब्बर ओळखली होती, कारण तो आजार त्यांच्या घरचाच होता.

सोमवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर विमानतळावर गेलो. बसमध्ये बाहेर मोहरीची शेतं पिवळीजर्द दिसत होती. दादा कानटोपीशिवाय वेगळे दिसत होते, केस बरेच विरळ झालेले. सामान दिल्यावर आम्ही एका बाकावर बसलो. मी काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणालो, "आता घरी सगळे खूश असतील. मुलगी तर उड्या मारत असेल."

दादांनी बोर्डिंग पास घडी घालून खिशात ठेवला. "मी तिला फोनवर सांगितलं, बाबा येणार म्हणून. तर विचारती, किती दिवस? म्हटलं, कायमचा. तर गप्पच बसली, भावा. मग आईला विचारलं, झोपणार कुठं ते?" ते हसले. "तिथं जाऊनबी पहिल्यापासनं ओळख करून घ्यायला लागणार. इथं निदान मला कोण ओळखत न्हाई ह्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं."

ते उठले, खांद्यावर हात ठेवून जरा दाबला आणि लंगडत रांगेत गेले. एकदा वळून बघतील असं वाटलं होतं. रांग पुढे सरकली आणि ते दिसेनासे झाले.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मुलीचं नाव मला माहीत नाही. अडीच महिने आम्ही जवळजवळ रोज भेटत होतो. मी त्यांना माझ्या घरचं सगळं सांगितलं होतं, आजीच्या मोतीबिंदूपर्यंत. त्यांना मी एकदाही हे विचारलं नव्हतं. तिथल्या तिथे मेसेज टाकला, 'दादा, मुलीचं नाव काय?' विमान सुटलं असावं. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. जर्मन नंबर बंद झाला असेल असं समजून मी तो विषय सोडून दिला.

त्या मोसमात आम्ही चौथे आलो. मशीनबाउच्या मानाने ते फार चांगलं होतं. जून अर्धा संपत आला असताना, लेक्चरला बसलो होतो तेव्हा, एका नव्या भारतीय नंबरवरून मेसेज आला.

'सई. शाळेला सोडायला आता मी जातोय. अजून हात धरू देत न्हाई, पण शेजारनं चालती.'